शब्दचर्चा : 'डायरेक्ट रायटिंग'ला मराठीत काय म्हणावं?

वाळूजकर :
पॉलिटेक्निकच्या पोरांसाठी मराठीत टिपण लिहायलोय. मास्क (नक्षीचा तयार साचा) न बनवता, संगणकावरच्या आकृतीवरून थेट बारीक सर्किटं आणि केसाएवढ्या वाटांतून द्रव खेळवणारी उपकरणं झटपट कशी करायची, हा विषय. 'डायरेक्ट रायटिंग'ला 'थेट लेखन' लिहिलं, तर पोरं निबंध समजायलेत. दुसरं काही सुचतंय का?

पैठणची :
सर, आपण मेंदी लिहीत नाही, 'काढतो'. तुमचं कामही तेच की. स्टिकर चिकटवून भरली तर मास्कवाली पद्धत, एकच नक्षी शंभर हातांवर. कोनाने काढली तर नक्षी वाटेल तेव्हा बदला. शाईचा स्वभावही तसाच लागतो : दाबलं की सुईतून सरळ बाहेर, पडली की जागच्या जागी थांबायची. म्हणून 'थेट काढणे'.

वाळूजकर :
ताई, 'सर्किट काढा' म्हटलं तर आमची पोरं स्क्रू ड्रायव्हर घेऊन उठतील! शिवाय लेझरने ॲक्रिलिकमध्ये वाट पाडतो, तेव्हा खरंच मटेरियल काढून टाकतो. घोळ होईल.

गोदाकाठ :
एकच क्रियापद कशाला हवं? चांदीच्या कणांची शाई सोडली तर 'रेघ ओढणे', लेझर चालवला तर 'कोरणे', सगळ्यांचं मिळून 'थेट रेखन'. 'मुद्रण' इंकजेटपुरतं ठेवा. तिथे काही पिकोलिटरचे (लिटरच्या एक लाख कोटीव्या भागाचे) थेंब उडतात. आणि 'लेखन' अगदीच टाकाऊ नाही. 1999 साली अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ चॅड मिर्किन यांच्या गटाने अणुबल सूक्ष्मदर्शकाचं (अतिबारीक टोकाने पृष्ठभाग चाचपणाऱ्या यंत्राचं) टोक टाकासारखं वापरलं. टोक आणि सोन्याचा पृष्ठभाग यांच्यामध्ये हवेतल्या दमटपणामुळे पाण्याचा इवलासा पूल तयार होतो, त्यावरून रेणू उतरतात. रेघ 30 नॅनोमीटरची! याला 'टाकलेखन' म्हणायला माझी तरी हरकत नाही.

ठिबकवाला :
द्रवाच्या वाटेला, म्हणजे चॅनलला, 'वाहिनी' नका लिहू राव, टीव्ही आठवतो. 'चारी' म्हणा, आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. फक्त एक जपा. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने 2007 मध्ये द्रव खेळवणारी कागदावरची उपकरणं पुढे आणली. त्यांत पुढे मेण छापायची पद्धत आली, तर छापलेलं मेण म्हणजे चारी नव्हे, बांध. कागद तापवला की मेण आरपार उतरतं आणि दोन बांधांमधला कोरा कागद पाणी ओढतो. म्हणजे आखायचा बांध, चारी आपोआप. दुसरं, शेतातल्या चारीत गढूळ न् निवळ पाणी लगेच एक होतं. 100 मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या) चारीत दोन रंगीत द्रव शेजारी शेजारी वाहतात, मिसळतात ते केवळ विसरणाने (डिफ्युजनने, रेणू आपोआप पसरून), सावकाश. हे टिपणात टाका, नाहीतर शब्दासोबत शेतातली समजूतही जाईल.

वाळूजकर :
चारी घेतली. बांध तर लईच आवडला. शाईतले कण तापवून जोडायच्या कृतीला, म्हणजे सिंटरिंगला, 'वितळवणे' लिहिलंय, चालेल?

गोदाकाठ :
नाही. चांदी वितळायला 961 अंश सेल्सिअस लागतात. नॅनोकणांची शाई साधारण 150 अंशांच्या भट्टीत ठेवली तरी कण एकमेकांना धरतात आणि वीज वाहू लागते. 'भाजणे' लिहा.

पैठणची :
आणि प्रोटोटाइप? 'नमुना' नको हं, लगेच तलाठी कार्यालय. नमुना सात, नमुना बारा!

वाळूजकर :
वर्कशॉपात सगळे 'ट्रायल पीस' म्हणायलेत. तेच ठेवतो.