चिंतामणराव देशमुखांनी कोकणाला काय दिलं? घ्या उत्तर

कुंडलिकाकाठ (रोहा)

आमच्या तालुक्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काल एकाने लिहिलं: "अर्थतज्ज्ञ राजकारणात आले की दिल्लीचे होतात. सी. डी. देशमुख कुलाब्यातून (आजचा रायगड जिल्हा) निवडून गेले, सहा वर्षं अर्थमंत्री होते, कोकणाला एक धड रस्ता दिला नाही आणि कसोटीची वेळ आली तेव्हा राजीनामा देऊन मोकळे झाले." खाली अंगठ्यांचा पाऊस. दोन ओळींत उत्तर देऊन माझं भागेना, म्हणून इथे लिहितोय.

"राजीनामा देऊन मोकळे झाले" या चार शब्दांनी माझं डोकं फिरलं. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करायचं नेहरूंनी जाहीर केलं. मुंबईत गोळीबार झाले, माणसं मेली. देशमुखांनी न्यायालयीन चौकशी मागितली, ती मिळाली नाही. जुलैत ते लोकसभेत उभे राहिले आणि पंतप्रधानांच्या मनात महाराष्ट्राबद्दल आकस आहे, असं त्यांच्या तोंडावर सांगून बाहेर पडले. ज्या काळात नेहरूंसमोर भलेभले मान खाली घालत होते, त्या काळात!

आणि हे कोकणासाठी नव्हतं म्हणता? त्या काळी आपल्याकडच्या किती घरांची चूल मुंबईच्या मनीऑर्डरवर पेटायची? गिरणीत, गोदीत, खानावळीत राबणारी माणसं कुठली होती? मुंबई कुणाची हा कोकणाच्या पोटाचा प्रश्न होता. अर्थशास्त्र कळणाऱ्या माणसाला तो नेमका कळला.

बाकीचं थोडक्यात. जन्म १८९६, महाडजवळच्या नाते गावी. मॅट्रिकला इलाख्यात पहिला, केंब्रिज, मग आयसीएस म्हणजे इंग्रजांच्या काळची सनदी सेवा. १९४३ ला रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९४४ ला ब्रेटन वुड्सच्या जागतिक अर्थपरिषदेत. अर्थमंत्री असताना १९५५ ला इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि पाच वर्षांत ४०० नव्या शाखा काढायचं बंधन कायद्यातच घातलं गेलं. शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा तेव्हा जेमतेम ३ टक्के होता, बाकीतला मोठा भाग सावकाराकडे. १९५६ ला आयुर्विमा सरकारी झाला. ज्यांना रस्ताच दिसतो, त्यांनी आपल्या आजोबांची विम्याची पावती शोधून बघावी.

तळकोकणचा

गाववाल्यांनु, माका ह्या पटला नाय.

राजीनामा मोठा होता, मान्य. पण मुंबई त्या राजीनाम्याने मिळाली का? मिळाली ती रस्त्यावर उतरलेल्या माणसांमुळे आणि १०६ हुतात्म्यांमुळे. राजीनाम्यानंतर साहेब विद्यापीठ अनुदान आयोगावर गेले, पुढे दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. कुलाब्यात परत येऊन शेतकऱ्यांत बसले का?

आमच्या राजापूरने १९७१ पासून मधू दंडवतेंना सलग पाच वेळा लोकसभेत पाठवलं. फिजिक्सचे प्राध्यापक, अर्थशास्त्राची पदवी नाही. रेल्वेमंत्री झाले, अर्थमंत्रीही झाले. कोकण रेल्वे हा त्यांनी आयुष्यभर लावून धरलेला विषय. १९९० ला कॉर्पोरेशन निघालं, तेव्हा अर्थखातं त्यांच्याकडे आणि रेल्वे जॉर्ज फर्नांडिसांकडे. १९९८ च्या २६ जानेवारीला गाडी सुरू झाली. ती सुरू कुठून होते? तुमच्या रोह्यापासूनच.

आणि रस्त्याला हसू नका. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे. माझ्या वडिलांना छातीत कळ आली तेव्हा रुग्णवाहिका खड्ड्यांतून इतकी हळू चालली होती की मी खाली उतरून बाजूने चालू शकलो असतो. वडील वाचले, पण त्या रात्रीनंतर "राष्ट्रीय धोरण", "व्यापक दृष्टी" असलं काही ऐकलं की माझा संताप होतो. जिल्ह्याचा खासदार जिल्ह्याचाच असला पाहिजे.

कुंडलिकाकाठ (रोहा)

२०११ च्या खड्ड्यांचा हिशोब १९५६ ला राजीनामा दिलेल्या माणसाकडे मागताय. वडील सुखरूप आहेत हे वाचून बरं वाटलं, पण हा राग योग्य दारात न्या.

बाणकोट खाडी

तुम्ही दोघं रस्ता आणि रेल्वेवर भांडताय. माझा प्रश्न वेगळा आहे. कोकणातला अर्थतज्ज्ञ राजकारणी म्हटल्यावर तुम्हाला देशमुखच कसे आठवले? मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव, नकाशावर आहे ना?

देशमुख केंब्रिजला वनस्पतिशास्त्र शिकले. बाबासाहेबांची कोलंबियाची पीएचडी आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची डीएससी, दोन्ही अर्थशास्त्रातल्या. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध १९२३ ला छापून आला, चलनाच्या प्रश्नावर नेमलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांची साक्ष झाली. त्याआधी १९१८ ला त्यांनी जमिनीच्या तुकड्यांवर लिहिलं होतं. नुसते तुकडे जोडून काही होणार नाही, जमिनीवरचा माणसांचा भार उद्योगात गेला पाहिजे, हे त्यांचं म्हणणं. आपल्या सातबाऱ्यावर एकेका गुंठ्याला किती नावं असतात बघा आणि मग सांगा, कोकणाचं दुखणं आधी कुणी ओळखलं.

राजीनाम्याचंच माप लावायचं तर बाबासाहेबांनी १९५१ ला त्याच मंत्रिमंडळातून राजीनामा दिला, हिंदू कोड बिलासाठी. त्याच्यावर इथे कुणी धागा काढत नाही.

माझे पणजोबा खोताचं, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या वतनदाराचं, कूळ होते. निम्मं भात खोताच्या घरी, वर वेठ, म्हणजे फुकट राबणं. खोताच्या घरी लग्न असलं की आमच्या घरची माणसं पाणी भरायला आणि लाकडं फोडायला. आजी सांगायची, खोताच्या ओटीवर चढायची सोय नव्हती, धान्य खाली अंगणातच मोजून टाकायचं. १९३७ च्या सप्टेंबरमध्ये खोती बंद करायचं विधेयक मुंबईच्या विधिमंडळात बाबासाहेबांनी आणलं. अर्थशास्त्र माणसाच्या कामी येणं म्हणजे हे!

माडाखालचा

बाबासाहेबांबद्दल आदर आहे. पण खोत म्हटलं की राक्षसच रंगवायचा, हे किती दिवस? आम्ही खोतांच्या घरातले. सरकारचा सारा भरायची जबाबदारी खोताची होती, पीक बुडालं तरी. माझ्या आजोबांनी कुळांच्या पोरांच्या शाळेच्या फिया भरल्यात. कूळकायदा आला आणि एका पिढीत आमच्याकडे घर आणि मागची आगर तेवढी उरली. ती कथा कुणी लिहीत नाही.

बाणकोट खाडी

तुमच्या आजोबांनी फिया भरल्या असतील, मी नाही म्हणत नाही. पण कुळाच्या पोराची फी खोताने भरावी लागते, याचा अर्थ त्या घरात पैसा का उरत नव्हता, हे एकदा विचारा. निम्मं भात नेल्यावर दयाळूपणा करायला काय लागतं?

आणि बाबासाहेबांनी त्या विधेयकात खोतांना योग्य नुकसानभरपाई द्यायची तरतूद ठेवली होती. म्हणजे विचार तुमचाही केला होता. विधेयक तेव्हा पुढे जाऊ दिलं नाही. खोती कायद्याने गेली ती १९४९ ला, तेवढी वर्षं आमची माणसं वेठ करत राहिली.

माडाखालचा

मला माझ्या आजोबांची लाज वाटायला लावायचं असेल तर ते होणार नाही.

अलिबागकरीण

कुणी कुणाच्या आजोबांवर जायचं कारण नाही. पण अलिबागजवळच्या चरीच्या शेतकरी संपाचं नाव अजून कसं निघालं नाही? १९३३ ते १९३९, सहा वर्षं आमच्याकडच्या शेतकऱ्यांनी खोतांची जमीन कसली नाही. नारायण नागू पाटील पुढे होते, बाबासाहेबांचा पाठिंबा होता. माझी आजी त्या गावांतली. लाकूडफाटा विकून, कांदेमुळं उकडून दिवस काढले, ती सांगायची. शेत डोळ्यांसमोर पडीक आणि पोरं भुकेली, तरी नांगर उचलला नाही. त्या उपाशी माणसांनी रेटलं नसतं तर विद्वानांची विधेयकं कागदावरच राहिली असती. म्हणून मला हे "कुठला अर्थतज्ज्ञ मोठा" प्रकरणच पटत नाही.

देशमुखांबद्दल एक विचारते. ते गव्हर्नर झाले ऑगस्ट १९४३ मध्ये, त्याआधी १९४१ पासून डेप्युटी गव्हर्नर होते. युद्धात इंग्रज इथला माल उचलत होते, पैसे लंडनमध्ये पौंडांत जमा दाखवत होते आणि त्या तारणावर इथे नोटा छापल्या जात होत्या. महागाईने गरीब मेला, बंगालमध्ये तर दुष्काळच पडला. तेव्हा साहेबांनी राजीनामा का नाही दिला?

कुंडलिकाकाठ (रोहा)

अलिबागकरीण यांचा प्रश्न खरा आहे आणि त्याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. एवढंच सांगतो की नोटा छापण्याचा निर्णय युद्ध चालवणाऱ्या सरकारचा होता, आणि युद्ध संपलं तेव्हा ब्रिटनकडे आपलं जे शंभर कोटी पौंडांहून जास्त येणं साठलं होतं, ते बुडू नये म्हणून झगडणाऱ्यांत देशमुख होते. त्याने बंगालमध्ये मेलेली माणसं परत येत नाहीत, हे मलाही कळतं.

बाणकोट खाडी, पदव्यांच्या बाबतीत तुमचं बरोबर. अर्थशास्त्राचा पंडित म्हणून बाबासाहेबांच्या शेजारी देशमुख बसत नाहीत. ते कारभारी होते, पहिल्या प्रतीचे. पण १९५६ चा राजीनामा मी सोडणार नाही. माझे चुलत आजोबा फ्लोरा फाउंटनच्या गर्दीत होते, पायात छर्रा घेऊन गावी आले आणि शेवटपर्यंत लंगडत चालले. "आपला एक तरी माणूस दिल्लीत आपल्यासाठी उठून उभा राहिला," हे त्यांच्या तोंडून मी ऐकलंय. त्यांच्यापुढे कुणी रस्त्याचा विषय काढला असता तर त्यांनी काठी उगारली असती.

तळकोकणचा

तुमच्या आजोबांपुढे मी नसता काढला. तुमच्यापुढे काढणार. आणि एक राहिलं. १९६९ ला राष्ट्रपतिपदाला उभे राहिले ते स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाच्या पाठिंब्यावर. विमा सरकारी करणारा माणूस, आणि मागे सरकारीकरणाला विरोध करणारा स्वतंत्र पक्ष. तिसरे आले. हे कसं बसवायचं?

कुंडलिकाकाठ (रोहा)

नाही बसत. मलाही ते कधी आवडलं नाही.

माडाखालचा

भरपाईच्या तरतुदीचं मला माहीत नव्हतं. वाचतो. पण आमच्या घराबद्दल जे लिहिलंत ते मागे घ्या.

बाणकोट खाडी

तुमच्या घराबद्दल मी एक अक्षर लिहिलेलं नाही, माझ्या घराबद्दल लिहिलंय. मागे घेण्यासारखं त्यात काही नाही. खोतीवर वेगळा धागा काढते आहे. तिथे या, आणि घरात जुने खंडाचे (कुळाने खोताला द्यायच्या धान्याचे) कागद असतील तर घेऊन या. आमच्याकडे पणजोबांच्या अंगठ्याचा एक आहे, तो मी टाकते.