घरच्या मीडिया सर्व्हरसाठी भरवशाची हार्ड डिस्क कशी निवडावी?

मृद्गंध:

माझ्या घरी एक लहान सर्व्हर गेली सहा वर्षे अखंड चालू आहे. त्यावर जेलीफिन (घरातल्या इतर उपकरणांवर चित्रपट-गाणी पाठवणारे सॉफ्टवेअर) बसवलेले असून चित्रपट, गाणी आणि आईवडिलांच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटींवरून उतरवून घेतलेली चित्रणे असा सुमारे ९ टीबी संग्रह ४ टीबीच्या तीन डिस्कवर ठेवला होता. गेल्या महिन्यात त्यातली एक डिस्क गेली. आधी काही चित्रपट ठरावीक जागी अडखळू लागले, मग एका रात्री आतून सारखा टक् टक् असा आवाज येऊ लागला आणि सकाळी सर्व्हरला ती डिस्क दिसेनाशी झाली. कॅसेटींची दुसरी प्रत ठेवलेली होती म्हणून ती चित्रणे वाचली, पण गाण्यांचा मोठा भाग कायमचा गेला.

आता ८ टीबीच्या चार नव्या डिस्क घेण्याचा विचार आहे. कोणत्या कंपनीवर विश्वास ठेवावा, साध्या डेस्कटॉप डिस्क चालतील का, मिनिटाला ७२०० फेऱ्यांचा वेग आवश्यक आहे का आणि डेटा सेंटरमधून निघालेल्या वापरलेल्या डिस्क घ्याव्यात का, याबद्दल अनुभवी लोकांनी कृपया मार्गदर्शन करावे.

चक्रधर:

कंपनीचा प्रश्न सर्वांत शेवटी घ्या. सर्वांत आधी डिस्कवर माहिती कशी लिहिली जाते, ते पाहा. एसएमआर पद्धतीच्या डिस्कमध्ये लेखनाचे पट्टे छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर थोडे थोडे चढवलेले असतात. त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त माहिती मावते, पण मधले एक कौल बदलायचे तर त्यावर चढलेली पुढची कौलेही काढून पुन्हा बसवावी लागतात. सीएमआर पद्धतीत पट्टे सुटे असतात, म्हणून ही अडचण येत नाही. चित्रपट एकदा लिहून अनेकदा वाचले जात असल्याने एसएमआर डिस्क रोजच्या वापरात निर्दोष वाटते. तिची खरी परीक्षा होते ती जुनी डिस्क बिघडल्यावर तिच्या जागी नवी बसवून रेडची (एखादी डिस्क गेली तरी माहिती वाचावी म्हणून एकत्र जोडलेल्या डिस्कच्या संचाची) पुनर्बांधणी करताना, कारण तेव्हा कित्येक तास सलग लिहावे लागते, नव्या डिस्कचा वेग कोसळतो आणि तास लागायचे तिथे दिवस लागतात. नेमक्या त्याच काळात तुमचा संग्रह अर्धवट संरक्षणावर असतो.

खोक्यावरच्या नावावरून ही पद्धत कळत नाही. वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ (Red) नावाच्या मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचे २०२० मध्ये उघड झाले आणि त्यानंतर कंपनीने सीएमआर डिस्क रेड प्लस या नावाने वेगळ्या केल्या. सीगेटची ८ टीबीची डेस्कटॉप बॅराकुडादेखील एसएमआर आहे, तर त्याच कंपनीच्या आयर्नवुल्फ डिस्क सीएमआर आहेत. म्हणून नेमका मॉडेल क्रमांक घेऊन कंपनीच्या तांत्रिक माहितीपत्रकात पद्धत तपासावी आणि ती स्पष्ट लिहिलेली नसेल तर ती डिस्क घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

डेस्कटॉप डिस्कची आणखी एक अडचण आहे. एखादा सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा माहितीचा छोटा तुकडा, वाचता आला नाही तर ती बराच वेळ पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते. हार्डवेअर रेड कंट्रोलर तेवढा वेळ थांबत नाही आणि धडधाकट डिस्कलाही मृत समजून बाहेर काढतो. नॅससाठीच्या, म्हणजे नेटवर्कवरून वापरायच्या साठवणयंत्रांसाठीच्या, डिस्क साधारण ७ सेकंदांत प्रयत्न सोडून चूक कळवतात आणि मग ती माहिती दुसऱ्या डिस्कवरून भरून काढता येते.

वेगाची मात्र चिंता नको. ४के ब्लू-रेचा प्रवाह जास्तीत जास्त सेकंदाला १२८ मेगाबिट, म्हणजे १६ मेगाबाइट असतो, आणि आजची ५४०० फेऱ्यांची डिस्कही त्याच्या कित्येक पट वेगाने वाचते. सर्व्हर बैठकीच्या खोलीत असेल तर कमी फेऱ्यांची डिस्क आवाज आणि उष्णता या दोन्ही बाबतींत सुखाची ठरते.

उत्तरा:

चक्रधर यांच्या म्हणण्याशी मी सहमत आहे. कंपनीबद्दल बोलायचे तर, बॅकब्लेझ ही साठवणसेवा २०१३ पासून आपल्या डिस्कच्या बिघाडाची आकडेवारी प्रसिद्ध करत आली आहे. ती नियमितपणे वाचणाऱ्याला जाणवते की एकाच कंपनीचे एक मॉडेल उत्तम टिकते आणि दुसरे लवकर बिघडते, त्यामुळे कंपनीपेक्षा मॉडेल पाहणे शहाणपणाचे आहे. माहितीपत्रकातल्या एमटीबीएफच्या, म्हणजे दोन बिघाडांमधल्या सरासरी तासांच्या, आकड्याने फसू नये. १० लाख तास याचा अर्थ ती डिस्क ११४ वर्षे चालेल असा नसून, अशा पुष्कळ डिस्क चालवल्या तर वर्षाला शंभरातली साधारण एक बिघडेल, एवढाच आहे.

माझा खरा आग्रह आहे तो डिस्क हाती आल्यावर करायच्या तपासणीचा. गेल्या वेळी मी घेतलेल्या चारपैकी एका नव्याकोऱ्या डिस्कने दुसऱ्याच रात्री स्मार्टच्या (डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते तिच्या) १९७ क्रमांकाच्या नोंदीत, म्हणजे वाचता न आलेल्या प्रलंबित सेक्टरांच्या रकान्यात, ० च्या जागी ८ दाखवले. बाहेरून ४०९६ बाइटचा एक सेक्टर ५१२ बाइटचे आठ म्हणून मोजला जात असल्याने तो आकडा प्रत्यक्षात एकाच सेक्टरचा होता. तरीही मी ती डिस्क परत केली, कारण नव्या डिस्कच्या बाबतीत एवढी सवलतही देऊ नये. त्यासाठी आधी स्मार्टची दीर्घ चाचणी लावावी, मग बॅडब्लॉक्स या लिनक्सवरच्या तपासणी-आज्ञेने पूर्ण डिस्क लिहून वाचून पाहावी आणि शेवटी खराब सेक्टरांशी संबंधित ५, १९७ आणि १९८ या नोंदी पुन्हा बघाव्यात. बॅडब्लॉक्स चार वेगवेगळे नमुने लिहून वाचत असल्याने ८ टीबीला साधारण चार दिवस लागतात, आणि ब्लॉकचा आकार ४०९६ दिला नाही तर एवढ्या मोठ्या डिस्कवर ती आज्ञा चालतच नाही. ही चाचणी डिस्कवरचे सर्व काही पुसते, म्हणून ती रिकाम्या डिस्कवरच करावी. फक्त १९९ ची, म्हणजे केबलवरून माहिती जाताना झालेल्या चुकांची, नोंद वाढत असेल तर डिस्कला दोष देण्याआधी साटा केबल बदलून पाहा.

वापरलेल्या डिस्क मी घेतलेल्या आहेत आणि त्या चांगल्या चालत आहेत, पण चालू तासांचा आकडा पुसता येतो हे ध्यानात ठेवावे. वापरलेल्या सीगेट डिस्क नव्या म्हणून विकल्या जात असल्याचे २०२५ च्या सुरुवातीला उघड झाले, ते स्मार्टमधले तास आणि फार्म या अंतर्गत नोंदवहीतले तास जुळत नसल्यामुळे. स्मार्टच्या नोंदी दाखवणाऱ्या स्मार्टसीटीएल या आज्ञेच्या नव्या आवृत्तीत ही नोंदवही वाचता येते.

शांतिदूत:

एक भर घालतो. स्मार्ट स्वच्छ दिसले म्हणून निर्धास्त राहू नका. गूगलने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बिघडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी स्मार्टच्या चार प्रमुख इशाऱ्यांपैकी एकही दिलेला नव्हता. चार डिस्कमध्ये एक पॅरिटीसाठी, म्हणजे एखादी डिस्क गेल्यास तिची माहिती पुन्हा काढता यावी म्हणून ठेवायच्या गणिती नोंदीसाठी, द्या. चित्रपटांसारख्या क्वचित बदलणाऱ्या संग्रहाला अशी पॅरिटी सांभाळणारे स्नॅपरेड हे सॉफ्टवेअर फार सोयीचे पडते, कारण दोन डिस्क एकदम गेल्या तरी उरलेल्या दोन डिस्कवरच्या फाइली जशाच्या तशा वाचता येतात. चुकून पुसलेली फाइल मात्र पुढचे सिंक (पॅरिटी अद्ययावत करणे) होण्याआधीच परत मिळवता येते, म्हणून कॅसेटींच्या चित्रणांची वेगळी प्रत तशीच चालू ठेवा.

मृद्गंध:

आपण सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. सीएमआर पद्धतीच्या, ५४०० फेऱ्यांच्या चार नॅस डिस्क घेण्याचे ठरवले आहे. उरलेल्या दोन ४ टीबी डिस्क सहा वर्षे चाललेल्या आहेत, तर कॅसेटींच्या आणखी एका प्रतीसाठी त्या वापरणे योग्य होईल का?

उत्तरा:

तिसरी प्रत म्हणून अवश्य वापरा, मात्र एकमेव प्रत म्हणून नको. दोन्हींची दीर्घ चाचणी आधी करून घ्या, चित्रणे उतरवताना प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइल बदलली की बदलणारा तिचा ओळख-आकडा) लिहून ठेवा आणि डिस्क कपाटात ठेवून दर सहा महिन्यांनी जोडून ते चेकसम ताडून पाहा.