दहा बाय बाराच्या खोलीत पैसे कशावर घालायचे?

रंकाळाकाठची
गेल्या महिन्यात मैत्रिणीनं हॉलच्या एका भिंतीला पीव्हीसी पॅनल बसवून घेतले. मजुरीसकट १८,००० रुपये गेले. भिंत चकचकीत झाली, पण खोली होती तशीच राहिली. वर एकच पांढरीफटक ट्यूब, खिडकीत अर्ध्यावर लोंबणारा पडदा, टीव्हीच्या कपाटावर शोपीसची दाटी. तिचे कष्टाचे पैसे असे गेले याचं मला फार वाईट वाटलं, म्हणून लिहायला बसले.

माझं म्हणणं असं : हाताशी पैसा कमी असेल तर आधी उजेड बदला, मग कापड, आणि तिथंच थांबा. शोभेची एकही वस्तू विकत आणू नका. उलट आहेत त्यातल्या निम्म्या काढा.

मी भाड्याच्या घरात राहते, खोली १० बाय १२. संध्याकाळी ट्यूब लावतच नाही. तिच्याऐवजी ५ वॅटचे तीन पिवळसर दिवे आहेत : एक खुर्चीशेजारी, एक कोपऱ्यात जमिनीजवळ, एक टीव्हीमागे. तिन्ही मिळून १५ वॅट. पाकिटावर २७०० किंवा ३००० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप) छापलेलं बघून घ्यायचं. ६५०० असेल तर उजेड निळसर पडतो. छतावरून एकच दिवा सगळीकडे सारखा पडला की खोली सपाट दिसते. दिवे खाली आणले की कुठं उजेड, कुठं सावली, आणि तीच खोली उबदार वाटायला लागते.

पडद्याचं तर अजून सोपं आहे. माझी खिडकी ४ फुटांची, रॉड ६ फुटी, दोन्हीकडे एकेक फूट जास्त. रॉड चौकटीवर नाही, छताखाली हातभर अंतरावर. पडदा जमिनीला टेकतो. सरकवला की सगळं कापड भिंतीवर जातं, काच पूर्ण मोकळी होते आणि खिडकी मोठी वाटते. कापड साधा मांजरपाट, इचलकरंजीहून आणलेला. ३६ इंची पन्हा, असे चार पन्हे जोडले. साडेआठ फूट लांबीला १२ मीटर लागलं. शिवायच्या आधी रात्रभर भिजवा, नाहीतर पहिल्या धुण्यात पडदा वर चढतो.

उद्यमनगरवाला
ताई, उजेडाचं पटलं. पण तिथंच थांबायचं हे नाही पटलं. दिवा आणि पडदा कितीही चांगला लावा, मध्ये डुगडुगणारं टेबल असेल तर पाव्हण्यांचं लक्ष तिथंच जातंय.

मी म्हणतो, एकच वस्तू करा पण ठणठणीत करा. ऑनलाइन मिळतंय ते टेबल बहुतेक पार्टिकल बोर्डचं, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाचं. दोन पावसाळे गेले की कडा फुगतात, वरचा कागद सुटतो. त्यापेक्षा आपल्या शिवाजी उद्यमनगरात या. पाऊण इंची चौकोनी पाईपची फ्रेम कुठलाही फॅब्रिकेटर करून देतो, पावडर कोटिंगही इथंच होतंय. वर जुन्या दाराची सागवानी फळी टाका, रंधा मारा, तेल द्या. उंची सोफ्याच्या बैठकीएवढी, १६ ते १८ इंच. असलं टेबल तुमची पोरं पण वापरतील. कोल्हापुरात राहून लोखंडाचं काम बाहेरून का मागवायचं, हेच मला कळत नाही.

चौघांची खोली
पहिलं वाचून मी जरा दुखावले, ते स्पष्टच सांगते. “निम्म्या वस्तू काढा.” काढून ठेवू कुठं? आमच्या याच एका खोलीत आम्ही दोघं, मुलगी आणि सासूबाई झोपतो. गाद्यांची चळत, शिलाई मशीन, मुलीची पुस्तकं, सासूबाईंची औषधं. यातलं एकही काढण्यासारखं नाही. मोकळी खोली चांगली दिसते हे मला कळतं, पण ती मोकळीक ज्याच्याकडे दुसरी खोली आहे त्यालाच परवडते.

म्हणून माझा अनुभव उलटा आहे : काढू नका, झाका. आणि एकाच रंगानं झाका. गाद्यांच्या चळतीवर आईनं शिवलेली वाकळ घातली. जुन्या लुगड्यांची आहे, बारीक धावदोऱ्याची. ती घातल्यापासून चळत अडगळ वाटत नाही, बैठक वाटते, आणि दिवसा खरंच बसतो आम्ही त्यावर. मशीनवर आणि उघड्या फळ्यांवर सारख्याच कापडाचे पडदे. डबे होते तेच, फक्त सगळ्यांवर पांढरा कागद डकवला. खर्च म्हणाल तर कापड आणि कागद, बास.

आणि पिवळ्या दिव्यात मुलगी अभ्यास कसा करणार? तिची यंदा दहावी आहे. माझी ट्यूब राहणारच.

रंकाळाकाठची
काकू, तुमचं बरोबर आहे. मी एकटी राहते, म्हणून “काढा” म्हणणं मला सोपं गेलं. डोळ्याला त्रास होतो तो खूप वस्तूंपेक्षा खूप रंगांचा, हे तुमचं वाचल्यावर मला उमगलं. झाकण्याचं मी मान्य केलं.

उजेडाचं मात्र सोडत नाही. मुलीसाठी ४००० केल्विनचा अभ्यासाचा दिवा वेगळा घ्या, तो तिच्या वहीवरच पडू दे. तिच्या एका वहीसाठी सासूबाईंच्या डोळ्यांवर रात्री ११ वाजेपर्यंत ट्यूब कशाला?

राजारामपुरी ७वी गल्ली
रंगाबद्दल कुणीच बोललं नाही. सगळ्यात स्वस्त बदल रंगाचाच आहे. सगळी खोली नका रंगवू, सोफ्यामागची एकच भिंत घ्या. १२ बाय १० म्हणजे १२० चौरस फूट, दोन हातांना साधारण २ लिटर इमल्शन पुरतं. गडद हिरवा किंवा विटकरी. मी आणि भावानं एका रविवारी केलं, रोलर आणि मास्किंग टेप घेऊन. रंगाऱ्याची मजुरी वाचली. एवढ्या पैशात एवढा फरक पडद्यानंही पडत नाही.

मंगळवार पेठ
तुमच्या फ्लॅटला हे ठीक आहे. पण पेठेतल्या जुन्या घरात राहणाऱ्यांनी हे वाचून लगेच डबा उघडू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आमच्या भिंती दगड-मातीच्या, वर चुन्याचा गिलावा. अशी भिंत पावसाळ्यात ओल घेते आणि उन्हाळ्यात सोडते. तिच्यावर इमल्शनसारखा प्लास्टिकचा रंग चढवला की ओल आत कोंडते. मग फुगे येतात, पोपडे पडतात, खाली पांढरं मीठ फुटतं. मी स्वतः एका दिवाळीला हौसेनं लावला आणि पुढच्या गणपतीच्या आधी खरवडून काढला.

आता पुन्हा चुनाच. कळीचा चुना भिजवून मुरवायचा, फडक्यातून गाळायचा, डिंकाचं पाणी घालायचं, पांढराशुभ्र हवा तर चिमूटभर नीळ, नको असेल तर थोडी पिवडी, म्हणजे पिवळी माती. पातळ तीन हात. सकाळच्या उन्हात ही भिंत जशी मऊ उजळते तशी कुठल्याही डब्यातल्या रंगानं उजळत नाही. अंगाला पांढरं लागतं म्हणून बसायच्या उंचीपर्यंत चटई किंवा कापड लावावं.

अजून एक. कपाट पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, तीन बोटं तरी अंतर ठेवा. आपल्याकडच्या पावसात त्याच्या मागं बुरशी धरतेच, आणि बुरशीचा वास येणाऱ्या खोलीत दुसरं काहीच चांगलं वाटत नाही.

शाहूपुरी
मी सगळ्यांच्याच विरुद्ध बोलणार आहे. २०१९ ला घरात पुराचं पाणी, २०२१ ला पुन्हा पाणी. दुसऱ्या वेळी सोफा, कपाट, गालिचा सगळं गेलं. जमिनीला टेकणारा पडदा मला आता बघवत नाही.

आमच्या भागात राहायचं तर पहिला प्रश्न असा : अर्ध्या तासात किती उचलता येईल? म्हणून टेबल नाही, भिंतीवर साडेपाच फुटांवर फळ्या. सोफा नाही, घडीच्या लोखंडी खुर्च्या, त्यांच्यावर घोंगडं. खाली गालिच्याच्या जागी चटई, गुंडाळली की काखेत मावते. पडदे खिडकीपुरतेच. उद्यमनगरवाले दादा, तुमचं लोखंड चालेल मला, पण फळी सुटी पाहिजे, स्क्रूनं निघणारी.

बघायला येणारे म्हणतात सामान सगळं वर आहे, खाली खोली मोकळी आहे, छान दिसतंय. तसं दिसावं म्हणून केलं नव्हतं, पण आता आम्हालाही तेच आवडायला लागलंय.

उद्यमनगरवाला
भावा, तुझं मी परत वाचलं. सुटी फळी होतीच की, चार बोल्टांवर. पाईपची तोंडं खालून झाकायला सांग, नाहीतर पाणी आत शिरून आतून गंज धरतोय.

ब्रश आणि बोर्ड
शोभेची एकही वस्तू नको, हे कोल्हापुरात बसून कसं म्हणवतं? चित्रकार आबालाल रहमान यांनी हाच रंकाळा, हेच कोटितीर्थ रंगवलं. या गावाला कलापूर म्हणतात, आणि आपल्या हॉलमध्ये मात्र ऑनलाइन मागवलेलं सात पळत्या घोड्यांचं छापील पोस्टर.

मी कलेचं शिक्षण घेतोय, म्हणून मनापासून सांगतो. दसरा चौकात शाहू स्मारकच्या कलादालनात प्रदर्शनं लागतात, विद्यार्थ्यांचीही असतात. आत जाऊन बघायला काही लागत नाही. विद्यार्थ्याचं छोटं जलरंगचित्र पोस्टर आणि त्याच्या चकचकीत फ्रेमच्या पैशांत अनेकदा मिळून जातं. विचारायला लाजू नका, आम्हाला कुणी विचारलेलं आवडतं. बारीक लाकडी पट्टीची फ्रेम, चित्राभोवती दोन इंच पांढरा माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट. लावताना चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ इंचांवर घ्या. बहुतेक घरांत चित्रं फार वर टांगलेली असतात, मान वर करून बघावी लागतात. उन्हाच्या समोर मात्र जलरंग लावू नका, उडतात.

रंकाळाकाठची
चित्राला शोभेची वस्तू म्हणून मी काढत नव्हते. माझा राग प्लास्टिकच्या फुलांवर आणि भेट आलेल्या शोपीसवर होता. एक चित्र, हातानं काढलेलं, हे मला मान्य. दहा नको.

चौघांची खोली
एक विचारू का? चित्राचं वाचून मुलगी म्हणाली, आजीची दुसरी वाकळ भिंतीवर लावू. जुनी आहे, मध्ये विरली आहे, अंगावर घ्यायच्या कामाची राहिली नाही. पण खिळे ठोकून ती फाटेल असं वाटतं. आणि घरमालक भिंतीला भोकं पाडू देत नाही.

मंगळवार पेठ
खिळा अजिबात नको. मागच्या बाजूला वरच्या कडेला चार बोटं रुंद सुती पट्टी हातानं शिवा, नळीसारखी. तिच्यातून दांडी घाला. म्हणजे भार एका टाक्यावर न येता सगळ्या रुंदीवर येतो. थेट ऊन लागेल अशी जागा टाळा.

उद्यमनगरवाला
आणि भोक पाडायचंच नाही. जमिनीवर उभी राहणारी चौकट करू, कपड्याच्या स्टँडसारखी, खाली पसरट पाय. गाद्यांच्या चळतीमागं उभी केली की पाय दिसणार पण नाहीत. काकू, वाकळेचं माप सांगा.

चौघांची खोली
रुंदी ४ फूट २ इंच, उंची साडेपाच फूट. पाईप काळा नको, भिंतीसारखा पांढरा करा. आणि वजनाला हलकी ठेवा, सणाला झाडताना मला एकटीला हलवता आली पाहिजे.