मदत हवी आहे: जुना जॅझ बेस, साल नक्की कोणतं? आणि हमिंग जात नाही

मडगावचा_बेसवाला
फेंडर कंपनीचा जॅझ बेस (बेस गिटार) आहे. देणाऱ्याने ७२ सालचा म्हणून दिला. मागे नेक (दांडी) जोडणाऱ्या प्लेटवर नुसता एफ कोरलाय, नंबर नाही. म्हणजे डुप्लिकेट का? हमिंग भयंकर, आवाज पातळ. पांढरा रंग पिवळट पडलाय, तो काढून नवा मारायचा आहे, कोणतं स्ट्रिपर आणू? २० तारखेला वाजवायचाय, लवकर सांगा.

सोल्डरकाका
घाई कळली, पण माहिती काहीच दिली नाहीत. प्लेटला स्क्रू तीन की चार? हेडस्टॉकच्या (खुंट्यांकडच्या टोकाच्या) पुढच्या बाजूला नावाच्या स्टिकरजवळ नंबर आहे का? तारांना हात लावल्यावर हमिंग कमी होतं की वाढतं? एकेक व्हॉल्यूम शून्यावर नेऊन बघितलंत का? आणि रंगाला तूर्त हात लावू नका.

साधा_माणूस
एवढ्या उस्तवारीपेक्षा नवा स्क्वायर (फेंडरचाच स्वस्त ब्रँड) घ्या. वॉरंटी मिळते.

मडगावचा_बेसवाला
विकत काय घ्यायचं हे विचारलेलं नाही.
स्क्रू तीन. हेडस्टॉकवर नटपाशी (तारा नेकवर येतात त्या खाचांच्या पट्टीपाशी) बंदुकीच्या गोळीसारखं टोक दिसतं. पुढे एस ७ आणि त्यानंतर पाच आकडे आहेत, तो मॉडेल नंबर समजत होतो. हात लावला की हमिंग कमी होतं. ब्रिजकडच्या (तारा बॉडीवर अडकतात तिथल्या) पिकअपचा (तारांचा आवाज पकडणाऱ्या चुंबक-कॉइलचा) व्हॉल्यूम वाढवला तरी काही फरक नाही. फोटो चढत नाहीयेत.

पॉटवाचक
मग ७२ विसरा. जॅझ बेसला तीन स्क्रूंची प्लेट आणि गोळीवाला ट्रस रॉड (नेकचा बाक ठरवणारी आतली सळई) १९७५ च्या सुमारास आला. प्रिसिजनला (फेंडरच्याच दुसऱ्या बेसला) मात्र तेव्हाही चारच स्क्रू राहिले, त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या प्रिसिजनवरून ताडून बघू नका. प्लेटवर नंबर नसणं इथे खरेपणाच्याच बाजूचं आहे. १९७६ मध्ये नंबर प्लेटवरून हेडस्टॉकच्या स्टिकरवर गेला आणि मागे नुसता एफ राहिला. एस म्हणजे सत्तरचं दशक, ७ म्हणजे ७७. पण हे नंबर क्रमाने लागलेले नाहीत, एस ७ वाले बेस ७८ मध्येही बाहेर पडलेत.

पक्कं करायचं तर कंट्रोल प्लेटचे स्क्रू काढून पॉटच्या (व्हॉल्यूम-टोनच्या बटणाखालच्या भागाच्या) पाठीवरचा आकडा वाचा. पहिले तीन अंक कारखान्याचे (१३७ सीटीएस, ३०४ स्टॅकपोल), पुढचे दोन साल, शेवटचे दोन आठवडा.

मडगावचा_बेसवाला
१३७७७३३. तिन्हींवर तोच.

पॉटवाचक
सीटीएस, १९७७ चा ३३ वा आठवडा, म्हणजे ऑगस्टचा मध्य. सोल्डरला कुणी हात लावलेला नसेल तर बेस त्याच्या आधीचा असू शकत नाही. नंतरचा असू शकतो, कारण पॉट्स गोदामात पडून राहायचे. ७७ ची अखेर किंवा ७८ धरा. आणखी एक पडताळा: दोन्ही पिकअपच्या मध्यांमधलं अंतर मोजा. साठच्या दशकात ते ९.१ सेंमीच्या आसपास असायचं, सत्तरच्या दशकात ब्रिजकडचा पिकअप मागे सरकवल्यावर १०.२ झालं. तुमचं १०.२ भरायला हवं. ९.१ भरलं तर बॉडी आणि नेक एका बेसचे नाहीत.

रंगारी
रंगाचं कुणी बोलतच नाही. हीट गनने काढा, १८० चा काचपेपर मारा, सीलर लावा, वर पांढरा डको. चार दिवसांचं काम.

सोल्डरकाका
रंगारीभाऊ, हे कपाटाचं दार नाही. १९६८ पासूनचा तो थर पॉलिएस्टरचा आहे, काचेसारखा जाड. बाजारातलं स्ट्रिपर त्याला फारसं हलवत नाही आणि हीट गन जास्त वेळ एका जागी धरली की खालचं ॲश लाकूड करपतं. पिवळेपणा वरच्या क्लिअर थराचा आहे, गिऱ्हाईक त्याच्यासाठीच पैसे मोजतं. नवा रंग मारलेल्या बेसची किंमत धाडकन उतरते. लायटरमध्ये भरतात ते नॅफ्था मऊ कापडावर घेऊन मळ पुसा, बास. मात्र हेडस्टॉकच्या दर्शनी भागावर थिनर, ॲसिटोन, स्पिरिट काहीही लावू नका. तिथे स्टिकरसाठी नायट्रो लॅकर ठेवलेलं असतं. ते विरघळलं की नाव आणि नंबर फडक्यावर येतील, मग साल सिद्ध करत बसा.

रंगारी
विकायचाच नसेल तर किंमत कशाला बघायची? वाद्य सुंदर दिसावं की नाही? असो.

अर्थिंगवाला
मूळ दोष अर्थिंगचा. जुन्या घरांत दोन पिनचं सॉकेट असतं, त्यात ॲडॉप्टर घालून अँप लावतात, अर्थ तुटतो. मग एका हातात बेस आणि ओठांना माइक लागला की झटका. आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थ तपासा, अर्थ आणि न्यूट्रल यांच्यात १–२ व्होल्टपेक्षा फार जास्त दिसायला नको.

सोल्डरकाका
सल्ला जीव वाचवणारा आहे, पण हा दोष तिथला वाटत नाही. हात लावल्यावर हमिंग कमी होतं, म्हणजे ब्रिजखालची अर्थ वायर शाबूत आहे. वाढलं असतं तर ती तुटलीय म्हटलं असतं.

बेसवाले, तुमच्या दोन तक्रारी ही एकच तक्रार आहे. जॅझचे दोन पिकअप एकमेकांच्या उलट गुंडाळलेले असतात आणि त्यांचे चुंबकही उलटे असतात. दोन्ही पूर्ण उघडले की हमिंग एकमेकांना मारतं. एक मेला की दुसरा एकटा घुमत राहतो. मल्टिमीटर २०० के (किलोओहम) वर ठेवा, जॅकमध्ये केबल घाला, दुसऱ्या टोकाला टिप आणि बाहेरची नळी यांमध्ये मोजा. तीन वेळा: फक्त नेक, फक्त ब्रिज, दोन्ही पूर्ण.

मडगावचा_बेसवाला
नेक ६.९, ब्रिज ११८, दोन्ही ६.९.

सोल्डरकाका
ब्रिजच्या पिकअपची कॉइल (वायरची गुंडाळी) तुटली. इथे बरेच जण फसतात. कॉइल उघडी असेल तर अनंत दिसेल असं वाटतं, पण मीटरला दोन २५० के चे पॉट्स समांतर दिसतात, म्हणून सव्वाशेच्या आसपास आकडा येतो. दोन्ही कॉइल जिवंत असत्या तर तिसरा आकडा साडेतीनजवळ आला असता.

लगेच रिवाइंडिंगला (कॉइल नव्याने गुंडाळायला) धावू नका. पिकअप बाहेर काढा. खालच्या पट्टीवर पितळेचे दोन डोळे (छिद्रं) आहेत, त्यांत कॉइलची वायर येते. ४२ गेज, जाडी ०.०६ मिमी, केसासारखी. बहुतेक वेळा ती तिथेच हिरवी पडून तुटते. आधी बाहेर जाणारी एक वायर सोडवा आणि थेट डोळ्यांवर मोजा. तुटकं टोक दिसलं तर त्यावरचं इनॅमल सोल्डरिंगच्या इस्त्रीच्या टोकाने हलकेच जाळा आणि नवीन सोल्डर द्या. दोन सेकंदांहून जास्त इस्त्री धरू नका. आतल्या चुंबकांना ढकलू नका, कॉइल थेट त्यांच्यावरच गुंडाळलेली असते.

कोकणी_हवा
+१. किनाऱ्यावर ते चुंबकच गंजतात, फुगतात आणि आतल्या पहिल्या वेढ्यांचं इनॅमल सोलतात. तसं असेल तर डाग देऊन उपयोग नाही, रिवाइंड लागेल. गुंडाळण्याची दिशा उलटी झाली तरी घाबरू नका, दोन वायर अदलाबदल केल्या की काम होतं. पण रिवाइंड करणाऱ्याने चुंबक उलटे चार्ज केले तर हमिंग कायमचं. नवा पिकअप घ्याल तर ब्रिजचाच घ्या, नेकच्यापेक्षा तो लांबीला किंचित मोठा असतो.

फ्लॅटवाउंड_फॅन
तारा कोणत्या आहेत? फ्लॅटवाउंड (चपट्या वेढ्यांच्या) लावा, निम्मे प्रश्न सुटतात.

अर्थिंगवाला
तारांनी कॉइल जुळते का हो?

मडगावचा_बेसवाला
डोळ्यापाशीच तुटली होती. डाग दिला, आता ७.४. दोन्ही उघडले की शांत! काका, उपकार.
आता नेक. पहिली तार बोर्डाच्या कडेवरून घसरते, आणि वरच्या फ्रेट्सवर (नेकवरच्या धातूच्या पट्ट्यांवर) तारा फार उंच आहेत. ट्रस रॉडला ३ मिमीची ॲलन की फिरते पण पकडत नाही.

पॉटवाचक
थांबा, ती की बाजूला ठेवा! तिथे १/८ इंच लागते, म्हणजे ३.१८ मिमी. ३ ची की षटकोन गोल करते आणि गोल झाला की नेक काढून कारागिराकडे. हार्डवेअरच्या दुकानात इंची सेट मागा.

आधी घसरणारी तार बघा. तीन स्क्रूंचा नेक कडेला सरकतो, हा या काळातल्या बेसचा नेहमीचा रोग. तारा सैल करा, तिन्ही स्क्रू अर्धा फेरा ढिले करा, तारा दोन्ही कडांपासून सारख्या अंतरावर येतील असा नेक सरकवा, दाबून धरून आवळा. प्लेटमधल्या भोकातला स्क्रू नेकचा कोन बदलतो. तो प्लेटचे स्क्रू आवळलेले असताना फिरवू नका.

मग तारा सुरात लावून पहिल्या फ्रेटवर कापो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, शेवटचा फ्रेट दाबा, आठव्यावर फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला. ०.३५ मिमी हवं. बाइकचे व्हॉल्व्ह सेट करणाऱ्याकडे तो गेज असतो. जास्त असेल तर ट्रस रॉडचा नट घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, एक रात्र थांबा, पुन्हा मोजा. हे जमल्यावरच ब्रिजच्या सॅडल्सना (तारांच्या टेकूंना) हात लावा: १७ व्या फ्रेटवर जाड तारेला २.४ मिमी, बारीक तारेला २.

मडगावचा_बेसवाला
एक रात्र? २० तारीख आहे हो.

कोकणी_हवा
पावसाळ्यात दोन रात्री धरा.