मूकपटांतील प्रेमविनोद: अबोलपणातून उमललेली कथानके की नुसता पाठलाग?

चित्रकथी (मूळ लेखन)

मूकपटांच्या काळातील प्रेमविनोदी चित्रपटांची कथानके बाळबोध होती आणि बोलपट आल्यावरच या प्रकाराला धार आली, असे मत अनेकदा वाचनात येते. मला ते मान्य नाही. मनातले बोलता न येणे ही प्रेमात पडलेल्यांची जुनी अडचण आहे आणि मूकपटाची मर्यादाही नेमकी तीच होती. म्हणूनच १९२० च्या दशकातील उत्तम प्रेमविनोदी मूकपटांत कथानक आणि माध्यम यांचा जो मेळ बसला, तो पुढे क्वचितच बसलेला दिसतो.

अमेरिकन विनोदी नट हॅरॉल्ड लॉइडचा ‘गर्ल शाय’ (१९२४) घ्या. लहानशा गावात शिंप्याच्या दुकानात उमेदवारी करणारा हा तरुण मुलींसमोर इतका अडखळतो की कोणी शिट्टी वाजवल्याखेरीज त्याची जीभ मोकळी होत नाही, आणि हाच तरुण रात्री जागून स्त्रियांची मने कशी जिंकावीत यावर पुस्तक लिहितो. प्रकाशकाच्या कचेरीत त्या पुस्तकाची टर उडवली जाते, तेव्हा आपण श्रीमंत मेरीच्या योग्यतेचे उरलो नाही असे ठरवून तो तिला मुद्दाम तोडून टाकतो. पुढे तेच पुस्तक विनोदी म्हणून छापायचे ठरते आणि पैसे हाती येतात, पण तोवर तिचे लग्न आधीच विवाहित असलेल्या एका माणसाशी लागण्याच्या बेतात असते. मग मोटारी, ट्राम, घोडे, जे हाती लागेल त्यावर स्वार होऊन तो शहर गाठतो. आणि एवढे करून लग्नमंडपात पोहोचल्यावर लग्न थांबवण्याचे कारण त्याच्या तोंडून काही केल्या फुटत नाही. शेवटी तो तिला उचलून बाहेर नेतो. तो धड बोलू शकला असता, तर हा प्रसंग एका वाक्यात संपला असता.

तिसरी घंटा

चित्रकथी, आपण निवडलेल्या उदाहरणातच आपल्या मुद्द्याचे उत्तर आहे. मेरीला उचलून नेले जाते. तिला कोणी काही विचारत नाही. संपूर्ण उत्तरार्धात तिच्या वाट्याला वाट पाहण्यापलीकडे काय येते? ती शर्यतीच्या शेवटी ठेवलेले बक्षीस आहे आणि दिग्दर्शकांना खरा रस शर्यतीत आहे. लॉइड आणि त्याचा समकालीन विनोदी नट बस्टर कीटन यांच्या बहुतेक चित्रपटांत प्रेम हे पाठलागाला मिळालेले निमित्त असते. नायिकेला बुद्धी, हजरजबाबीपणा आणि नकार देण्याची ताकद मिळाली ती १९३० च्या दशकात, संवादांमुळे.

शिवाय ही कथानके मूक माध्यमातून उमलली, हेही खरे नाही. कीटनचा ‘सेव्हन चान्सेस’ (१९२५) रॉय कूपर मेग्रू यांच्या १९१६ च्या नाटकावरून घेतलेला आहे, म्हणजे मूळ बोलण्यावरच उभे होते.

पिटातला प्रेक्षक

नाटकावरून घेतला हे बरोबर आहे, परंतु त्या नाटकाचे कीटनने काय केले तेही पाहायला हवे. सत्ताविसाव्या वाढदिवशी संध्याकाळी सातच्या आत लग्न केले तर सत्तर लाख डॉलरचा वारसा मिळणार, ही चित्रपटातली अट, तिचा सांगाडा तेवढा नाटकाचा. चित्रपट मात्र रंगीत ऋतुचक्राने सुरू होतो: नायक मेरीच्या (इथल्या नायिकेचेही नाव मेरीच) फाटकापाशी उभा आहे, प्रेम व्यक्त करू पाहतो आणि करू शकत नाही, ऋतू पालटतो, तो तिथेच, तसाच, दरम्यान शेजारचे कुत्र्याचे पिल्लू वाढत जाऊन चांगले दांडगे झालेले असते. एका शब्दाविना त्याचे सगळे वर्ष आपल्याला कळते.

पुढे तो मागणी घालतो, ती होकार देते, आणि मग त्याच्या तोंडून निघून जाते की आज कोणत्या तरी मुलीशी लग्न करणे भागच आहे. सगळे बिघडते ते या बोलण्याने. क्लबातील एका तरुणीला तो चिठ्ठीने मागणी घालतो, तेव्हा सज्जातून त्या चिठ्ठीचे कपटे बर्फासारखे त्याच्या अंगावर उतरतात. नकार इतका स्वच्छ दाखवणारा प्रसंग मी दुसरा पाहिलेला नाही. (याच चित्रपटातील, गोऱ्या नटाने चेहरा काळा रंगवून केलेला नोकर मात्र आज पाहवत नाही, आणि हे सांगितल्यावाचून चित्रपटाची स्तुती करू नये.)

पैलतीर

आपण सगळे लॉइड आणि कीटन यांच्यापाशीच अडकलो आहोत, म्हणून नायिका बक्षीस ठरते. नटी क्लारा बो हिचा ‘इट’ (१९२७) पाहिल्यास चित्र उलटे दिसेल. मोठ्या दुकानात काउंटरमागे उभी राहणारी बेटी लू मालकाच्या मुलाला पाहते आणि हाच हवा असे ठरवते. त्याच्यासमोर रिट्झ या उंची हॉटेलात जायचे तर साजेसे कपडे नाहीत, म्हणून ती कामावरचाच पोशाख अंगावर असताना कात्रीने कापून त्याचा संध्याकाळचा पोशाख करते. गरिबी, हौस आणि धिटाई या तिन्ही गोष्टी त्या कात्रीच्या दोन-चार फटक्यांत आल्या आहेत.

त्याही आधी, १९१९ मध्ये, जर्मनीत दिग्दर्शक अर्न्स्ट लुबिचने ‘द ऑयस्टर प्रिन्सेस’ केला होता. त्यातील धनाढ्य बापाची लेक राजपुत्र नवरा हवा म्हणून घरातील वस्तू फोडत सुटते. तिला बक्षीस म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

तिसरी घंटा

‘इट’मधील नायिका धीट आहे, हे मी आनंदाने मान्य करते. पण कथानक कशावर फिरते? मैत्रिणीचे मूल समाजसेवी संस्थेच्या बायकांनी नेऊ नये म्हणून बेटी लू ते आपले असल्याचे सांगते, ते नायकाच्या कानावर जाते, आणि तो तिला सरळ विचारत नाही. विचारले असते तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता. अबोलपणा हा येथे कथानकाचा गुण नसून लेखकांची सोय आहे, आणि गाठ सुटण्यासाठी अखेर बोटीची टक्कर घडवून बायकांना पाण्यात पाडावे लागते, यातच कथेचा कमकुवतपणा दिसतो.

चित्रकथी

बोटीच्या टकरीबद्दल आपल्याशी सहमत आहे. तो शेवट ओढूनताणून आणलेला आहे. मात्र नायकाच्या न विचारण्याबद्दल नाही. तो विचारत नाही, कारण दुकानातील मुलीबद्दल असे काही ऐकले की ते खरेच असणार, हे त्याच्या वर्गाने त्याला शिकवलेले आहे. तो तिला हिरे देऊ करतो, लग्न सोडून सगळे देऊ करतो, आणि हा माणूस आपल्याला काय समजतो हे तिला त्यातून कळते. ती दुखावते, नोकरी सोडते आणि त्याच्याकडून रीतसर मागणी वदवून घेऊन ती धुडकावण्याचा निश्चय करते. नायकाच्या नौकेवर ती तसे करूनही दाखवते. नकार देण्याची ताकद संवादांमुळे आली असे आपण वर म्हणालात. ती येथे १९२७ मध्ये आहे.

संवादांच्या अभावी काय साधता येते हे लुबिचने अमेरिकेत गेल्यावर ‘द मॅरेज सर्कल’ (१९२४) मध्ये आणखी बारकाईने दाखवले. एका जोडप्यातील दुरावा दाखवायला त्याला नवऱ्याचा भोक पडलेला मोजा आणि त्याचा जवळजवळ रिकामा खण पुरतो. बायकोचा खण मात्र मोज्यांनी भरलेला असतो. दुसऱ्या जोडप्याच्या न्याहारीत आपल्याला फक्त अंडे आणि कॉफीचा पेला दिसतो, दोघांचे हात दिसतात, मग ते हात चौकटीतून नाहीसे होतात आणि न्याहारी तशीच पडून राहते. यांपैकी कोणत्याही प्रसंगात संवाद घातला, तर प्रेक्षकाने स्वतः जे ताडले ते त्याला पुन्हा ऐकावे लागेल.