अनुभव धागा : चार पानी नियमांची युद्धे

कोल्हापुरात राहणाऱ्या किंवा येथून बाहेर गेलेल्या ज्या मंडळींनी इतिहासातील लढायांवर बेतलेले पटखेळ कधी ना कधी खेळले असतील, त्यांनी या धाग्यावर सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. चर्चा मात्र सोप्या खेळांपुरतीच ठेवू. ज्याचे नियम चार-आठ पानांत संपतात, ज्याच्या सोंगट्या शंभराच्या आत असतात आणि जेवणाआधी मांडलेला डाव झोपण्याआधी निकाली निघतो, तो खेळ सोपा, असे ढोबळमानाने धरावे.

नवख्यांसाठी थोडी पार्श्वभूमी देतो. या छंदाचा आरंभ सहसा १९५४ सालापासून मोजला जातो. त्या वर्षी अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्स यांनी ‘टॅक्टिक्स’ हा दोन काल्पनिक देशांच्या युद्धाचा खेळ स्वतःच प्रकाशित केला. पुढे त्यांनी अ‍ॅव्हलॉन हिल ही कंपनी काढली आणि १९५८ मध्ये प्रत्यक्ष घडलेल्या लढाईवरचा ‘गेटिसबर्ग’ हा खेळ आणला. १९६१ च्या सुमारास पटावरील चौकोनी घरांच्या जागी षट्कोनी घरे आली. चौकोनात तिरकी चाल सरळ चालीपेक्षा लांब पडते, षट्कोनात मात्र सहाही दिशांचे अंतर सारखेच राहते. म्हणून ती पद्धत रूढ झाली. छापील नकाशा, पुठ्ठ्याच्या लहान सोंगट्या, प्रत्येकीवर लढण्याचे बळ आणि चालीची मर्यादा असे दोन आकडे, एक फासा आणि निकालाचा तक्ता, एवढेच काय ते साहित्य.

‘नवा व्यापार’ आणि ल्युडोवर वाढलेल्या आपल्या पिढीला हे खेळ महाद्वार रोडवरच्या दुकानांत मिळाले नाहीत. ते आले कोणाच्या तरी परदेशवारीच्या बॅगेतून. तेव्हा आपल्या हाती खेळ कसा आला, तेही लिहावे.

शाहूपुरीकर :

आमच्याकडे दुसऱ्या महायुद्धातील उत्तर आफ्रिकेच्या मोहिमेवरचा, १९६४ चा ‘आफ्रिका कोर’ मामांनी आणला. ते व्यापारी जहाजावर होते आणि परदेशी बंदरांतील जुन्या सामानाच्या दुकानांतून काहीबाही उचलून आणत. उत्तर आफ्रिकेचा लांबट, बहुतांशी ओसाड पट पाहून आम्हा मुलांची प्रथम निराशाच झाली, कारण त्यावर वाळवंट आणि समुद्रकिनाऱ्याचा रस्ता यांखेरीज फारसे काही दिसत नव्हते. काही डाव झाल्यावर लक्षात आले की, खेळ सगळा त्या ओसाडपणातच आहे. या खेळात हल्ला करायचा तर रसदीची सोंगटी जवळ असावी लागते आणि ती हल्ल्यात खर्ची पडते. जर्मन बाजूची रसद दर पाळीला येईलच याची खात्री नसते. फासा प्रतिकूल पडला की ती समुद्रात बुडाली असे समजायचे. त्यामुळे समोर दुबळा शत्रू दिसत असूनही हात बांधून बसण्याची वेळ जर्मन सेनापती रोमेलवर येते. एवढ्याशा नियमातून दोन वर्षांच्या मोहिमेचे सार हाती लागते, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

आजोबांचे थोरले भाऊ मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दुसऱ्या पलटणीत होते आणि २१ जून १९४२ रोजी लिबियातील तोब्रुक बंदर जर्मनांच्या हाती पडले तेव्हा कैद होऊन इटलीला गेले होते. आम्ही त्यांना मोठे आबा म्हणत असू. ते सहसा युद्धाबद्दल बोलत नसत. एकदा आमचा डाव चालू असताना ते पाठीमागे येऊन उभे राहिले आणि तोब्रुकमधल्या सोंगटीचे बळ आम्ही दुप्पट का धरतो, असे त्यांनी विचारले. नियमच तसा आहे, तो किल्ला आहे, असे मी सांगितले. त्यावर ते म्हणाले, “कसला किल्ला, बाळ? सुरुंग उपसून पुढच्या फळीला नेले होते आणि खंदक वाळूने बुजले होते. ते आमच्याच बाजूने आत आले.” पुढे पुस्तकांतून पाहिले, तर २० जूनचा हल्ला खरोखरच आग्नेय बाजूच्या भारतीय ब्रिगेडवर आणि त्यातही मराठ्यांच्या पलटणीच्या आघाडीवर आला होता. त्यानंतर आमच्या घरच्या डावात १९४२ च्या उन्हाळ्यापासून तोब्रुकचे बळ एकपटच धरले जाऊ लागले. मूळ नियम त्यामुळे बिघडतो आणि इंग्रजांची बाजू घ्यायला कोणी तयार होत नाही; पण आम्ही तो बदल मागे घेतला नाही.

२०१९ च्या महापुरात पट भिजून त्याचा लगदा झाला. सोंगट्या जेवणाच्या डब्यात माळ्यावर होत्या, त्या वाचल्या. सध्या आम्ही ट्रेसिंग पेपरवर काढलेल्या पटावर खेळतो.

अकरावी गल्ली, राजारामपुरी :

मी शाळेत गणित शिकवत असे. माझा या खेळांशी संबंध माझ्या दिरांमुळे आला. ते अमेरिकेत शिकत असताना त्यांच्याकडे एक युद्धविषयक नियतकालिक येत असे आणि त्याच्या नव्या वर्गणीदारांना ‘नेपोलियन ॲट वॉटर्लू’ हा खेळ भेट मिळत असे. जिम डनिगन यांच्या एसपीआय या खेळ प्रकाशित करणाऱ्या संस्थेने तो १९७१ मध्ये काढला होता. छंदाची गोडी लावण्यासाठी दिलेला असल्याने त्याचे नियम मुद्दाम थोडके ठेवले होते. दीर परत आले तेव्हा घरातील पुरुष मंडळींनी तो एकदा उघडला आणि बाजूला ठेवला. दुपारच्या मोकळ्या वेळात तो खेळू लागलो आम्ही जावा.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी त्याची खुबी सांगते, कारण इतके कमी नियम इतके काम करताना मी अन्यत्र फारसे पाहिलेले नाहीत. प्रत्येक सोंगटीचा तिच्या भोवतालच्या सहा घरांवर ताबा असतो. शत्रूच्या ताब्यातील घरात शिरलात की तुम्हाला थांबावे लागते आणि तेथून आपणहून निघता येत नाही. निघायचे तर लढाईच्या निकालानेच. शेजारी आलेल्या शत्रूशी लढणे सक्तीचे असते. आणि माघार घेण्यासाठी मोकळे घर उरले नसेल, तर माघार घेणारी सोंगटी नष्ट होते. आता या तीन नियमांचा एकत्र परिणाम पाहा. समोरून जोरदार धडक मारण्यापेक्षा दोन हलक्या सोंगट्या पाठीमागे नेऊन ठेवणे अधिक घातक ठरते, कारण मग ‘माघार’ हा एरवी सौम्य निकालही मृत्युदंड होतो. वेढा का घालतात, राखीव सैन्य का ठेवतात, ओढ्याकाठच्या एका वाड्यासाठी दिवसभर माणसे का मरतात, हे सारे कोणी न सांगता कळत जाते.

फ्रेंच बाजू घेणाऱ्याला वेळ अपुरा असतो. पूर्वेकडून इंग्रजांचे मित्र प्रशियन येऊ लागले की समोरच्या इंग्रज सेनापती वेलिंग्टनला मोडायचे की उजवी बाजू सांभाळायची, हा प्रश्न प्रत्येक डावात नव्याने पडतो. माझ्या धाकट्या जाऊबाई प्रशियनांना अडवण्यासाठी अगदी मोजक्या सोंगट्या पाठवत आणि बाकीचे सगळे मध्यावर ओतत. त्या बहुतेक वेळा जिंकत आणि जिंकल्यावर उठून चहा टाकत. चर्चेत त्यांना रस नसे.

निवृत्तीपूर्वी मी सातवीच्या वर्गाला गुणोत्तर या खेळातील निकालाच्या तक्त्यावरून शिकवले. हल्लेखोराचे बळ सात आणि बचाव करणाऱ्याचे तीन असेल, तर गुणोत्तर दोनास एक धरायचे, उरलेला भाग बचावाच्या बाजूने सोडून द्यायचा. आणखी दोन बळांची सोंगटी कुठून तरी आणली तर तिनास एक होते आणि धोका एकदम उतरतो. मुले ती दोन बळे शोधण्यासाठी साऱ्या पटावर नजर फिरवत असत. भागाकाराचे उदाहरण सोडवताना त्यांच्या चेहऱ्यावर तशी एकाग्रता मला क्वचितच दिसली. शाहूपुरीकर, तुमच्या आबांचा अनुभव वाचल्यावर वाटले की, आकडा कुठून आला हा प्रश्नही मी मुलांना विचारायला लावला असता.

उद्यमनगर :

आमचे लेथचे काम असल्याने मला लाकडी ठोकळ्यांचे खेळ जवळचे वाटतात. कॅनडातील एका लहानशा कंपनीचा १९७२ मधील ‘क्वेबेक १७५९’ हा त्यांतला पहिला महत्त्वाचा खेळ. ठोकळे उभे ठेवलेले असतात आणि बळाचे आकडे असलेली चिठ्ठी आपल्या बाजूला असते, त्यामुळे समोरच्याला तुमच्या ठोकळ्यांची संख्या दिसते, बळ दिसत नाही. मार खाल्ला की ठोकळा एका बाजूने वळवायचा. वरच्या कडेचा आकडा म्हणजे उरलेले बळ. दोघांनी आपापल्या चाली कागदावर गुपचूप लिहून एकाच वेळी उघड करायच्या. सेंट लॉरेन्स नदी इंग्रज सेनापती वुल्फ नेमकी कुठे ओलांडणार, या विवंचनेत फ्रेंच सेनापती माँकाम का होता, ते पहिल्याच डावात समजते.

मित्राच्या मूळ खेळावरून मी सागाच्या उरलेल्या तुकड्यांचे ठोकळे कापून आमच्यापुरता एक संच केला. कडा घासून घ्याव्या लागतात, नाहीतर ठोकळा वळवताना सांडतो आणि गुपित फुटते. विकत घेण्यापेक्षा हे महाग पडले.

नवखा भिडू :

वरील सर्वांपेक्षा मी वयाने बराच लहान आहे. माझी सुरुवात रिचर्ड बोर्ग यांच्या ‘मेम्वार ४४’ पासून झाली, जो २००४ मध्ये नॉर्मंडीच्या उतराईला साठ वर्षे झाली त्या निमित्ताने आला. पटाचे डावा, मध्य आणि उजवा असे तीन भाग आणि हातातील पत्ता ज्या भागाचा असेल तेथेच हुकूम देता येतो, एवढे सांगितले की वसतिगृहातील कोणीही खेळायला बसते. प्लास्टिकचे सैनिक आणि रणगाडे यांचे आकर्षण असतेच, ते नाकारण्यात अर्थ नाही.

पण मनात घर केले ते १९४१ च्या मॉस्कोवरील जर्मन स्वारीवर बेतलेल्या ‘बॅटल फॉर मॉस्को’ या खेळाने. फ्रँक चॅडविक यांनी १९८६ मध्ये नवख्यांसाठी तो रचला आणि पूर्वी मोफतही वाटला गेला. मी त्याचा नकाशा राजारामपुरीतल्या झेरॉक्सच्या दुकानात छापला आणि सोंगट्या वह्यांच्या पुठ्ठ्यावर चिकटवल्या. डाव अवघ्या सात पाळ्यांचा असतो. जर्मन बाजूचे रणगाडे लढाईच्या आधी सरकतात आणि पायदळ लढाईनंतर. सोव्हिएत बाजूला लढाईपूर्वी केवळ रेल्वेने हलता येते. दोन बाजूंच्या सैन्यांमधील फरक आकड्यांनी न दाखवता पाळीच्या क्रमाने दाखवलेला आहे, ही कल्पना मला फार आवडली. चिखलाच्या पाळ्या आल्या की कोणतेच दल एका घरापलीकडे सरकत नाही. त्या वेळी जर्मन खेळाडूचा चेहरा पाहण्यासारखा असतो. सोव्हिएत बाजूला तोवर कुमक मिळतच राहते.

जुना राजवाडा :

धाग्याच्या सुरात थोडा बेसूर लावतो, त्याबद्दल राग नसावा. मी इतिहासाचा विद्यार्थी आहे आणि हे खेळ मीही आनंदाने खेळलो आहे. तरीही त्यांतून ‘युद्ध समजते’ हा दावा मला मोठा वाटतो. वॉटर्लूच्या दिवशी सकाळी जमीन ओली असल्याने नेपोलियनने लढाई जवळजवळ दुपारपर्यंत लांबवली. सोप्या खेळात ती सकाळच नसते. पटावर दोघांनाही सर्व काही दिसते, जे कोणत्याही सेनापतीला कधीच दिसले नाही, आणि या बाबतीत ठोकळ्यांचे खेळ अधिक प्रामाणिक आहेत. मॉस्कोच्या वाटेवरील गावांत माणसे राहत होती, ही गोष्ट तर कोणत्याच चार पानी नियमांत मावत नाही. सोपा खेळ एका वेळी एकच गोष्ट नीट दाखवतो: रसद, वेढा किंवा चिखल. ती कोणती हे ओळखून खेळावे आणि बाकीच्यासाठी करवीर नगर वाचन मंदिरात जावे.

मसाई पठार :

मागील प्रतिसादातील ‘एका वेळी एकच गोष्ट’ हे सूत्र मला मान्य आहे, आणि त्याच आधारावर मी काही काळापासून पन्हाळा ते विशाळगड या प्रसंगाचा सोपा पट तयार करत आहे. आपल्या दारातला विषय असूनही त्यावर हाती धरण्यासारखा खेळ माझ्या पाहण्यात नव्हता.

रात्र १२ जुलै १६६० ची. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज निघतात, मसाई पठारावरून पांढरेपाणी, तेथून गजापूरची घोडखिंड आणि पुढे विशाळगड. एक पाळी म्हणजे एक प्रहर धरली आहे. क्वेबेकच्या खेळातील ठोकळे येथे उसने घेतले: उभ्या ठोकळ्यांच्या दोन पालख्या, पाठीमागून हुबेहूब सारख्या, त्यांतील एकीत शिवा काशीद. पाठलाग करणाऱ्या सिद्दी मसूदने कोणती गाठायची, हे त्याला ठोकळा उलटेपर्यंत कळत नाही. पावसासाठी प्रत्येक पाळीला एक फासा टाकायचा आणि वाईट पडला तर दोन्ही बाजूंची चाल निम्मी करायची. हे भाग लवकर जमले.

खरी अडचण खिंडीत आली. नेहमीचा तक्ता वापरला तर मसूदची बारा बळे बाजीप्रभूंच्या दोन बळांवर एकदम येतात, गुणोत्तर सहास एक होते आणि पहिल्याच पाळीत खिंड पडते. बाजीप्रभूंचे बळ वाढवून पाहिले, तर मूठभर माणसांची ती तुकडी कागदावर फौज होऊन बसते, जे खोटे आहे. शेवटी बळाला हात न लावता घराला नियम लावला: खिंडीच्या घरावर एका वेळी एकाच सोंगटीला हल्ला करता येईल आणि तेथे बचावाचे बळ दुप्पट मानले जाईल. आता मसूदची तीन बळांची एक सोंगटी चार बळांवर येते, म्हणजे गुणोत्तर एकास दोन. तक्ता तोच, फासा तोच, आणि खिंड दोन-तीन पाळ्या टिकते. अकरावी गल्लीतील बाईंनी सांगितलेला माघारीचा नियम मात्र येथे काढून टाकला आहे, कारण बाजीप्रभूंच्या तुकडीला माघार हा पर्यायच ठेवलेला नाही. निकाल ‘माघार’ आला तर एक बळ कमी करायचे.

एक गाठ अजून सुटलेली नाही. विशाळगडालाही सुर्वे आणि दळवी यांच्या सैन्याचा वेढा होता आणि तो फोडूनच महाराज वर गेले. त्यांच्या सोंगट्यांना एकेक बळ दिले की पालखी सहज गडावर पोहोचते आणि खिंडीतील लढाईला महत्त्वच उरत नाही. दोन दिले तर पायथ्याशी एवढा वेळ जातो की मसूद मागून येऊन गाठतो. वेढा एकाच बाजूला ठेवावा आणि बाकीच्या चढाच्या घरांना चाल दुप्पट लागावी, असा सध्या विचार आहे. गजापूरच्या बाजूने पावसाळ्यात जे विशाळगडावर चढून गेले आहेत, त्यांनी पायथ्यापासून माथ्यापर्यंत किती वेळ लागतो ते कळवावे. त्यावरून त्या घरांचा आकडा ठरवता येईल. उद्यमनगर यांनी पालख्यांचे दोन ठोकळे कापून दिले तर उपकार होतील, मात्र दोन्हींचे वजन सारखे हवे.