त्सुनामी भर समुद्रात जाणवत नाही, मग किनाऱ्यावर एवढा विध्वंस कसा होतो?

प्रश्न

खोल समुद्रात त्सुनामीच्या लाटेची उंची बहुधा एक मीटरहूनही कमी असते आणि ती जहाजाखालून गेली तरी खलाशांना पत्ता लागत नाही, असे वाचले. वादळात तर आठ-दहा मीटरच्या लाटा उसळतात, तरीही त्या किनाऱ्यावर फुटून परत फिरतात. मग त्सुनामीच गावेच्या गावे कशी वाहून नेते? शिवाय, ती येण्यापूर्वी समुद्र मागे हटतो, ही खूण भरवशाची मानावी का?

प्रतिसाद १

घोटाळा ‘उंची’ या शब्दामुळे होतो. येथे लांबी पाहायला हवी. वाऱ्याने उठलेल्या लाटेत मुख्यतः वरचेच पाणी हलते. भूकंपात समुद्रतळाचा विस्तीर्ण पट्टा अचानक वर उचलला गेला किंवा खचला, तर मात्र तळापासून पृष्ठभागापर्यंतचे सगळे पाणी हलते आणि त्यातून निघणाऱ्या लाटेच्या दोन माथ्यांमध्ये शंभर किलोमीटरहूनही अधिक अंतर असू शकते. तिचा वेग खोलीवर ठरतो. ४००० मीटर खोलीवर तो ताशी सुमारे ७०० किलोमीटर असतो, तर १० मीटर खोलीवर जेमतेम ३६. पुढचे पाणी उथळ भागात मंदावते, मागचे वेगाने येतच राहते, त्यामुळे लाट आखडते आणि उंचावते. वादळी लाट काही सेकंदांत ओसरते. ही मात्र दहा-दहा मिनिटे आत घुसतच राहते. चित्रांत दाखवतात तशी कोसळणारी भिंत क्वचितच दिसते. बहुतेकदा ती थांबायचे नाव न घेणाऱ्या भरतीसारखी चढते.

प्रतिसाद २

समुद्र मागे हटणे ही खूण खरी, पण अर्धीच. लाटेचा खोलगट भाग आधी पोहोचला तरच पाणी ओसरते, माथा आधी आला तर थेट चढते. २६ डिसेंबर २००४ रोजी थायलंडच्या किनाऱ्यावर पाणी आधी मागे गेले आणि उघड्या पडलेल्या तळावरचे मासे पाहायला काही लोक पुढे सरसावले. त्याहून चांगली खूण म्हणजे पायाखालची जमीन बराच वेळ हादरणे. सुमात्राजवळच्या सिमेउलुए बेटावर १९०७ च्या लाटेची आठवण ‘स्मोंग’ (तेथील भाषेत त्सुनामी) या शब्दासह पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात होती. २००४ मध्ये धक्का बसताच लोक टेकड्यांवर गेले आणि तेथील मृतांची संख्या अगदी मोजकी राहिली.

प्रतिसाद ३

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, परंतु जमीन हादरलीच नाही म्हणून निर्धास्त राहणे चुकीचे ठरेल. १९६० मध्ये चिलीत भूकंप झाला आणि सुमारे १५ तासांनी हवाईतील हिलो शहरात ६१ जण बुडाले. तेथे भोंगे वेळेवर वाजले होते, तरी अनेकजण हलले नाहीत. सुरुवातीच्या लाटा लहान होत्या आणि सर्वांत मोठी तिसरी आली. डिसेंबर २०१८ मध्ये इंडोनेशियातील सुंदा सामुद्रधुनीत तर ज्वालामुखीचा कडाच समुद्रात ढासळला, त्यामुळे भूकंपावर अवलंबून असलेली इशारायंत्रणा उपयोगी पडली नाही.

शिवाय गुडघाभर पाणीही कमी लेखू नये. एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन भरते, आणि त्यासोबत ओंडके, मोटारी, पत्रे वाहत येतात. परतताना तेच पाणी माणसांना समुद्रात ओढून नेते.

प्रश्नकर्ता

म्हणजे पहिली लाट ओसरल्यावर सामान आणायला खाली उतरणे हाच सर्वांत मोठा धोका म्हणायचा का?

प्रतिसाद ३

होय. दोन लाटांमध्ये तासाभराचेही अंतर पडू शकते, आणि तेवढ्यात माणसाला सगळे संपले असेच वाटते.